ट्रम्पची नवी ऑर्डर आली? घाबरायच्या आधी ती कशी वाचायची

१९ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार आमच्या घरात कोणी विसरणार नाही. माझा चुलत दीर वडिलांच्या वर्षश्राद्धाला पुण्याला गेलेला, आणि इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये संध्याकाळी माझ्या फोनवर मेसेज धडाधड यायला लागले, एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर, एक लाख डॉलर फी, तीही दरवर्षी, शनिवारी रात्री बाराच्या आत अमेरिकेत या नाहीतर दार बंद. त्याच्या कंपनीच्या वकिलांची मेल आली की जिथे असाल तिथून निघा. शनिवारी श्राद्धाची पानं वाढायच्या आधीच तो टॅक्सीत बसून मुंबईकडे निघाला, तिकीट जवळजवळ तिप्पट भावाने काढलेलं, काकू दारात उभ्या. आणि तो दोहाला ट्रान्झिटमध्ये बसलेला असताना व्हाइट हाउसकडून खुलासा आला की फी एकदाच, फक्त नव्या पिटिशनला (कंपनीने माणसासाठी केलेल्या अर्जाला), ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना लागू नाही.

त्या रात्री माझ्या तीन ग्रुपमध्ये मिळून चारेकशे मेसेज आले असतील. मूळ कागद मात्र एकानेही टाकला नव्हता, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून मी सवय लावून घेतली, ऑर्डर आली की आधी कागद वाचायचा, मग फोन करायचे. मी वकील नाही, इथे राहून पंधरा वर्षं झाली, व्हिसाचे सगळे प्रकार अंगावरून गेलेत, त्यामुळे हे कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नका, तुमच्या केससाठी वकीलच लागतो. पण राष्ट्राध्यक्षाला काय करता येतं आणि काय नाही हे समजून घ्यायला लॉ स्कूलला जावं लागत नाही, एक संध्याकाळ आणि थोडा धीर पुरतो.

आधी "वटहुकूम" हा शब्द डोक्यातून काढा

आपल्या मराठी बातम्यांमध्ये एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला सर्रास वटहुकूम किंवा अध्यादेश म्हणतात आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो. भारतात राज्यघटनेच्या कलम १२३ प्रमाणे संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अध्यादेश काढतात, तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघतो, त्याला कायद्याइतकीच ताकद असते आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. म्हणजे थोड्या दिवसांसाठी का होईना, तिथे सरकार खरोखर कायदा करतं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला हा अधिकारच नाहीये. संविधानाचं पहिलं आर्टिकल कायदे करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, देतं, दुसरं राष्ट्राध्यक्षाला ते कायदे नीट अंमलात आणायला सांगतं, तिसरं न्यायदानाचा अधिकार कोर्टांना देतं. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे राष्ट्राध्यक्षाने आपल्या हाताखालच्या खात्यांना दिलेला लेखी हुकूम, साहेबाने ऑफिसला काढलेलं सर्क्युलर म्हणा ना. सर्क्युलरमुळे तुमच्या आयुष्यावर भयंकर परिणाम होऊ शकतो, ते मी नाकारत नाही, पण साहेबाला जो अधिकार कंपनीने दिलाय त्याच्या पलीकडचं सर्क्युलर काढलं तर ते टिकत नाही. म्हणून ऑर्डर हातात घेतली की विचारायचा प्रश्न एकच, हा अधिकार आला कुठून?

जाता जाता सांगते, हा फरक बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना अगदी सोप्या शब्दांत समजावलाय. नाव तेच असलं तरी अमेरिकेचा प्रेसिडेंट आणि आपला राष्ट्रपती यात साम्य नाही, आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, राष्ट्राचा प्रमुख पण कारभाराचा नाही. ते भाषण मुळातून वाचा, अमेरिकेची पद्धत समजायला मला त्याचा फार उपयोग झाला.

मूळ कागद काढा

व्हाइट हाउसच्या साइटवर "प्रेसिडेन्शियल ॲक्शन्स" म्हणून पान आहे, सही झाल्यावर मजकूर तिथे येतो. काही दिवसांनी तोच फेडरल रजिस्टरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राजपत्राच्या, साइटवर छापला जातो, अधिकृत प्रत ती. व्हाइट हाउस बरोबर एक "फॅक्ट शीट" पण काढतं, ती वाचायला सोपी असते म्हणून सगळे तीच फॉरवर्ड करतात, पण फॅक्ट शीट म्हणजे ऑर्डर नव्हे, आणि पत्रकारांसमोर मंत्री काय बोलला तेही ऑर्डर नव्हे. सप्टेंबरमध्ये नेमकं हेच झालं, वाणिज्यमंत्री सही होताना "दरवर्षी" बोलून गेले, आणि मजकुरात दरवर्षी हा शब्द शोधून सापडत नव्हता.

मथळ्यात एक्झिक्युटिव्ह ऑर्डर आहे का प्रोक्लमेशन (जाहीरनामा) का मेमोरँडम, यात फार अडकू नका. एच-वन-बी वालं प्रोक्लमेशन होतं कारण ज्या कायद्याचा आधार घेतला त्यातच "प्रोक्लमेशनने" असा शब्द आहे. वजन नावाला नसतं, आधाराला असतं.

तीन गोष्टी पेन्सिलने खुणा करा. कधीपासून लागू (वेळ इथली असते, शनिवारची रात्र सरून रविवार लागताना १२ वाजून १ मिनिट म्हणजे त्या दिवसांत भारतात रविवार सकाळचे साडेनऊ), कधीपर्यंत, आणि कोणाला. त्या प्रोक्लमेशनमध्ये मुदत बारा महिन्यांची लिहिली होती, वाढवली नाही तर संपणार, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं

प्रत्येक ऑर्डर साधारण एकाच थाटात सुरू होते (प्रोक्लमेशनमध्ये हे वाक्य प्रस्तावनेनंतर येतं), "बाय द अथॉरिटी व्हेस्टेड इन मी ॲज प्रेसिडेंट बाय द कॉन्स्टिट्यूशन अँड द लॉज ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका", म्हणजे संविधानाने आणि कायद्यांनी मला दिलेल्या अधिकाराने, आणि मग "इन्क्लूडिंग" (यांसह) म्हणून पुढे कलमं येतात. सगळे हे वाक्य सोडून खाली जातात. तुम्ही नेमकं इथेच थांबा. "इन्क्लूडिंग" नंतर कुठलं कलम आहे ते उतरवून घ्या आणि कॉर्नेल लॉ स्कूलच्या मोफत साइटवर टाका, दोन मिनिटांत कायदा समोर येतो. "इन्क्लूडिंग" नंतर काहीच नसेल, नुसतं संविधान आणि कायदे एवढंच मोघम लिहिलं असेल, तर कान टवकारा.

एच-वन-बी च्या वेळी मुख्य कलम होतं इमिग्रेशन कायद्याचं २१२(एफ). त्यात काँग्रेसने लिहिलंय की परकीयांचा किंवा त्यांच्यातल्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशाच्या हिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षाला वाटलं, तर तो प्रोक्लमेशन काढून तो प्रवेश थांबवू शकतो किंवा त्याच्यावर त्याला योग्य वाटतील ती बंधनं घालू शकतो. आता हे हळू वाचा. शब्द "एंट्री" आहे. इथे घरात बसून नोकरी करणाऱ्या माणसाचं काय, तो तर आत आहे, एंट्रीचा प्रश्नच नाही. त्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला भारतीय लोक दुबईच्या विमानात बसून घाबरून उतरले, त्यांची भीती मला कळते कारण बाहेर गेल्यावर परत येताना "एंट्री" होते. पण आमच्या शेजारणीने इथेच बसून नोकरी जाणार म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही, तिला हा एक शब्द कोणी दाखवला असता तर ती झोपली असती. दिराचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही, बाहेर असलेल्यांबद्दल कागदच धूसर होता, आणि कागद धूसर असेल तेव्हा आत येऊन बसणं शहाणपणाचंच.

अधिकाराच्या बाजूने बघाल तर २१२(एफ) चे शब्द खूप सैल आहेत. २०१८ मध्ये ट्रम्प विरुद्ध हवाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच कलमावर ट्रॅव्हल बॅन (काही देशांच्या नागरिकांना घातलेली प्रवेशबंदी) ५ विरुद्ध ४ मतांनी टिकवला. आणि एक लाखाच्या फीविरुद्ध उद्योगांची संघटना कोर्टात गेली तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल जिल्हा कोर्टाने सरकारच्याच बाजूने निकाल दिला. हे मुद्दाम सांगतेय. आपल्याला एखादी गोष्ट अन्यायाची वाटली म्हणजे ती घटनाबाह्य असतेच असं नाही, काँग्रेसनेच मोठी ओंजळ भरून अधिकार दिलेला असेल तर कोर्ट सहसा हात घालत नाही, तिथे भांडण काँग्रेसशी करावं लागतं.

उलटं उदाहरणही घ्या, ते डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाचं आहे. बायडेनने सुमारे ४०० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जं माफ करायचं ठरवलं, आधार घेतला २००३ च्या एका कायद्याचा, ज्यात शिक्षणमंत्र्याला नियम "वेव्ह ऑर मॉडिफाय" (त्यातून सूट द्यायचा किंवा ते बदलायचा) करायचा अधिकार आहे. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की मॉडिफाय म्हणजे थोडाफार बदल, अख्खी नवी योजना उभी करणं नव्हे. एका क्रियापदावर चारशे अब्ज गेले. म्हणून म्हणते, क्रियापदं बघा.

स्टीलच्या गिरण्या आणि जॅक्सनचे तीन खण

आता मुख्य गोष्ट, आणि ही मला इतकी आवडते की थोडी लांबवणार आहे.

१९५२ साल. कोरियात युद्ध चालू, आणि इकडे स्टील कामगारांचा ९ एप्रिलपासून संप ठरलेला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना वाटलं की पोलाद थांबलं तर आघाडीवरच्या पोरांना दारूगोळा मिळणार नाही. म्हणून आदल्या रात्री, ८ एप्रिलला त्यांनी रेडिओवरून देशाशी बोलून ऑर्डर काढली, नंबर १०३४०, वाणिज्यमंत्री सॉयर यांनी देशातल्या बहुतेक स्टील गिरण्या ताब्यात घ्याव्यात. ताबा म्हणजे काय तर मॅनेजर तेच, कामगार तेच, फक्त आता सगळे सरकारसाठी चालवतायत असं समजायचं. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात सरकारी वकिलाने असं मांडलं की राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराला मर्यादा दोनच, निवडणूक आणि महाभियोग. जज डेव्हिड पाइन यांनी २९ एप्रिलला तो युक्तिवाद साफ नाकारला आणि प्रकरण उड्या मारत सुप्रीम कोर्टात पोचलं.

आता हे बघा, सुप्रीम कोर्टातले नऊच्या नऊ जज रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले, त्यातले चार तर खुद्द ट्रुमन यांचे. तरी २ जूनला निकाल ६ विरुद्ध ३ असा ट्रुमनच्या विरोधात लागला, आणि ट्रुमनने नेमलेल्या चारांपैकी दोघांनी त्यांच्या विरोधात मत दिलं. जस्टिस ब्लॅक यांनी लिहिलं की राष्ट्राध्यक्षाचा अधिकार एकतर काँग्रेसच्या कायद्यातून यायला हवा नाहीतर संविधानातून, आणि इथे दोन्हीतून येत नाही. काँग्रेसने तर १९४७ मध्ये कामगार कायदा करताना गिरण्या ताब्यात घ्यायचा अधिकार द्यावा का यावर विचार करून नाही म्हटलेलं. ट्रुमननी त्याच दिवशी गिरण्या परत केल्या. मग संप झाला, ५३ दिवस चालला. युद्ध चालू असताना, स्वतः सेनापती असताना, राष्ट्राध्यक्षाने कोर्टाचं ऐकलं, मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

या निकालात जस्टिस रॉबर्ट जॅक्सन यांनी वेगळं मत लिहिलं आणि आज वकील तेच वापरतात. त्यांनी तीन प्रकार पाडले, मी त्याला तीन खण म्हणते, आजीच्या मिसळणाच्या डब्यासारखे. पहिल्या खणात काँग्रेसने हो म्हटलेलं असतं, तिथे राष्ट्राध्यक्षाची ताकद सगळ्यात जास्त. दुसऱ्या खणात काँग्रेस गप्प असते, ना हो ना नाही, तिथे सगळं संधिप्रकाशातलं, प्रसंग बघून ठरतं. तिसऱ्या खणात काँग्रेसने नाही म्हटलेलं असतं आणि राष्ट्राध्यक्ष तरी करतोय, तिथे त्याची ताकद सगळ्यात कमी, फक्त संविधानाने एकट्या त्यालाच दिलेलं काही असेल तरच तो वाचतो, उदाहरणार्थ फेडरल गुन्ह्यांना माफी देणं.

ऑर्डर वाचून झाली की कागदाच्या कोपऱ्यात १, २ किंवा ३ लिहा. एच-वन-बी ची फी? पहिला खण असं सरकार म्हणतं, कारण २१२(एफ) आहे, विरोधक म्हणतात की फी किती घ्यायची याचं काँग्रेसने वेगळं गणित कायद्यात घातलंय आणि कर बसवायचा अधिकार तर काँग्रेसचाच, म्हणजे तिसरा. भांडण कशावरून आहे ते असं एका आकड्यात दिसतं.

हळदीकुंकवातला प्रश्न

जानेवारी २०२५, संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं, वाण लुटून झालं आणि माझी एक मैत्रीण, सहा महिन्यांची गरोदर, नवरा-बायको दोघंही एच-वन-बी वर, तिने स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन विचारलं की माझं बाळ अमेरिकन असेल ना गं. २० जानेवारीला शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्पने १४१६० नंबरची ऑर्डर काढलेली, की साधारण महिन्याभरानंतर जन्मणाऱ्या बाळांपैकी ज्यांची आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नाही, त्यांना नागरिक मानू नका. तात्पुरत्या व्हिसात आपण सगळेच आलो.

तीच पद्धत इथे लावली. अधिकार कुठून? ऑर्डर चौदाव्या अमेंडमेंटचाच, म्हणजे घटनादुरुस्तीचाच, वेगळा अर्थ लावते. ते १८६८ चं अमेंडमेंट म्हणतं, इथे जन्मलेले आणि इथल्या अधिकारक्षेत्राखाली असलेले सगळे नागरिक. या शब्दांचा अर्थ सुप्रीम कोर्टाने १८९८ मध्येच लावलाय. वाँग किम आर्क नावाचा स्वयंपाकी, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईबाप चिनी, त्या काळच्या कायद्याने ज्यांना नागरिक होताच येत नव्हतं, तो चीनला जाऊन परत आला तर बंदरावर अडवला. कोर्ट म्हणालं, ६ विरुद्ध २, तो जन्माने नागरिक आहे. आणि पुढे काँग्रेसने तेच शब्द कायद्यातही घातले. म्हणजे संविधान, जुना निकाल आणि काँग्रेसचा कायदा तिन्ही विरुद्ध, ऑर्डर सरळ तिसऱ्या खणात. मी तिला तेवढंच सांगितलं, हमी दिली नाही. तीनच दिवसांत सिॲटलच्या जजनी ऑर्डर थांबवली.

पुढे काय झालं ते नीट समजून घ्या कारण इथे खूप जण गडबडले. २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ट्रम्प विरुद्ध कासा या खटल्यात ६-३ ने सांगितलं की एका जिल्हा जजला सरसकट अख्ख्या देशासाठी मनाई करता येत नाही. बातम्यांचा सूर असा की ट्रम्प जिंकले, नागरिकत्व गेलं. तसं नव्हतं, बाळं नागरिक आहेत का हा प्रश्न त्या निकालात कोर्टाने सोडवलाच नव्हता. लगेच न्यू हॅम्पशायरमध्ये सगळ्या अशा बाळांच्या वतीने क्लास ॲक्शन (एकाच वेळी सगळ्या गटासाठीचा खटला) झाली आणि जुलैमध्ये तिथल्या जजनी ऑर्डर पुन्हा थांबवली. मग डिसेंबरमध्ये मूळ प्रश्नच सुप्रीम कोर्टाने सुनावणीला घेतला. निकाल वाचताना म्हणूनच पहिलं बघायचं की कोर्टाने नेमका कुठला प्रश्न हातात घेतला होता. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर बहुतेक मोठ्या निकालांच्या सुरुवातीला "सिलॅबस" म्हणून काही पानांचा सारांश असतो, त्यात "हेल्ड" हा शब्द शोधा, त्याच्या पुढे उत्तर असतं.

बातमीतले कोर्टाचे शब्द

"जजने रोखलं" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. टीआरओ म्हणजे अगदी तात्पुरती थांबवणूक, साधारण चौदा दिवसांची. प्रिलिमिनरी इंजंक्शन म्हणजे खटला संपेपर्यंत मनाई. आणि "स्टे" मिळाला म्हणजे वरच्या कोर्टाने खालच्याचा आदेश थोपवला, तेव्हा ऑर्डर परत चालू. भारतात स्टे मिळाला म्हणजे सरकार थांबलं असं आपल्याला वाटतं, इथे बहुतेकदा उलटं, सरकारच स्टे मागत असतं. कोर्टलिसनर नावाच्या मोफत साइटवर खटल्याचं नाव टाकलं की कागद तारखेप्रमाणे दिसतात.

राज्यांचं राज्य

राष्ट्राध्यक्षाला मर्यादा आहेत तशा अख्ख्या फेडरल सरकारलाही आहेत. भारतात उरलेसुरले अधिकार केंद्राकडे जातात, अमेरिकेत दहाव्या अमेंडमेंटप्रमाणे ते राज्यांकडे आणि लोकांकडे राहतात. म्हणून लायसन्स न्यू जर्सीचं वेगळं, टेक्ससचं वेगळं, शाळा, पोलीस, लग्न, सगळं राज्याचं.

केंद्र सरकार राज्यांच्या नोकरांना कामाला जुंपू शकत नाही हा नियम पक्का लक्षात ठेवा. १९९७ च्या प्रिन्ट्झ खटल्यात मोंटानाच्या एका शेरीफने विचारलं की बंदूक घेणाऱ्यांची चौकशी काँग्रेस माझ्याकडून का करून घेते, आणि तो ५-४ ने जिंकला. आमच्या न्यू जर्सीने २०१८ मध्ये याच तत्त्वावर स्पोर्ट्स बेटिंगचा खटला जिंकला. जो नियम बंदूकवाल्या शेरीफला वाचवतो तोच आज आमच्या गावच्या पोलिसाला इमिग्रेशनचं काम करायला नाही म्हणू देतो, पक्ष कुठलाही असो. पण फेडरल अधिकारी स्वतः येऊन फेडरल कायदा राबवू शकतात, राज्य त्यांना अडवू शकत नाही, "सँक्चुअरी" (इमिग्रेशनच्या कामात मदत न करणारं गाव किंवा राज्य) शब्द ऐकून भलत्या भरवशावर राहू नका.

तरी केंद्राचा हात लांब आहे. ओहायोत फिलबर्न नावाचा शेतकरी होता, त्याला गहू ११.१ एकरांत पेरायची परवानगी, त्याने २३ एकर पेरला, आणि म्हणाला की जास्तीचा मी घरी जनावरांना घालतो, पीठ करतो, विकत नाही. १९४२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, तुझ्यासारख्या सगळ्यांनी असं केलं तर देशाच्या बाजारभावावर परिणाम होतो, म्हणून काँग्रेसला यात नियम करता येतो. घरचा गहूसुद्धा आंतरराज्य व्यापारात आला! माझे आजोबा शेतकरी होते, हा निकाल मला अजून पटत नाही, पण अनेक फेडरल कायदे त्याच्याच जोरावर उभे आहेत.

पैशाचं थोडक्यात. तिजोरीतून पैसा काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय निघत नाही, आणि मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षाने आपल्या मर्जीने अडवून ठेवायचा नाही यासाठी निक्सनच्या वेळी १९७४ मध्ये कायदा झाला. त्यामुळे "अनुदान बंद" ऑर्डर आली की बघा, तो पैसा काँग्रेसने कुठल्या अटीवर दिला होता.

"पर्सन" आणि "सिटिझन"

हे व्हिसावाल्यांनी जरूर वाचा. पाचवं आणि चौदावं अमेंडमेंट म्हणतं की कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुठल्याही "पर्सन"चं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता घ्यायची नाही. सिटिझन नाही, पर्सन. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोबीवाल्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं, ते नागरिक नव्हते तरी संरक्षण त्यांनाही आहे.

आपल्या लोकांचा अनुभव कडू-गोड आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात कोर्टाने ठरवलं की भारतीय "व्हाइट" नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, आणि सरकार आधी नागरिक झालेल्या भारतीयांची कागदपत्रं काढून घ्यायला लागलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, नाव वाचून आपल्या गल्लीतले वाटतात, ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले, त्यांच्यावरही सरकार धावून आलं. त्यांनी स्वतःची केस लढवली, म्हणाले की १९१४ च्या निकालाच्या भरवशावर मी इथे वकिली केली, घर केलं, संसार मांडला, आता एवढ्या वर्षांनी ते उलटवता येणार नाही, आणि १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात ते जिंकले. पण सगळ्या भारतीयांसाठी दार उघडलं ते १९४६ मध्ये, काँग्रेसच्या कायद्याने.

मग आपण करायचं काय

मतदान करता येत नाही म्हणून हात बांधलेत असं समजू नका. कायमचे नियम बदलायचे असतील तर खात्यांना १९४६ च्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ॲक्टप्रमाणे सहसा आधी मसुदा छापावा लागतो, लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं, महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं. एच-फोर वाल्यांचं, म्हणजे एच-वन-बी वाल्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं, वर्क परमिट, जे २०१५ मध्ये सुरू झालं आणि ज्याच्यावर मी पाच वर्षं नोकरी केली, ते ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये काढणार काढणार म्हणून जीव टांगणीला होता, पण ते अशाच नियमाने आलेलं, एका सहीने जाण्यासारखं नव्हतं, आणि ती टर्म संपेपर्यंत गेलं नाही. २०२० मध्ये डाका (DACA, लहानपणी कागदपत्रांशिवाय इथे आणलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी योजना) रद्द करायचा निर्णयही सुप्रीम कोर्टाने ५-४ ने फिरवला, कारण खात्याने कारणं नीट दिली नव्हती.

म्हणून मसुदा आला की रेग्युलेशन्स डॉट गव्ह वर जा, मसुद्याचा डॉकेट नंबर टाका आणि कमेंट लिहा. नागरिक असायची अट नाही. इंग्रजीत लिहा. ग्रुपवर आलेला तयार मजकूर चिकटवू नका, हजार सारख्या पत्रांपेक्षा एक स्वतःचं पत्र वजनदार, त्यात आकडे द्या, घराचा हप्ता किती, टॅक्स किती भरला, मुलं कितवीत, नियम बदलला तर नेमकं काय होईल. मसुद्यातल्या कुठल्या कलमाबद्दल बोलताय ते सुरुवातीलाच लिहा. कमेंट सगळ्या जगाला दिसते, म्हणून पासपोर्ट नंबर, ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला), रिसीट नंबर (अर्जाचा) त्यात अजिबात टाकू नका. मुदत बहुतेक वेळा तीस किंवा साठ दिवसांची, शेवटच्या दिवशी ईस्टर्न टाइमने रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत, पण त्या रात्री साइट रडते, दोन दिवस आधी उरकून घ्या. पाठवल्यावर ट्रॅकिंग नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि व्हिसाच्या फाइलमध्ये आय-९४ च्या (देशात प्रवेशाच्या नोंदीच्या) मागे ठेवून द्या.